पाय सरळ करणारी आक्का

"सरळ गं बाय, सरळ!"

असं म्हणत आक्का तान्ह्या पोराचे दोन्ही घोटे एका मुठीत धरायची आणि असे ओढायची की बघणाऱ्याने तोंड फिरवावं. मग गुडघे दाबायचे, टाचेला टाच जुळवायची, दोन्ही अंगठे एका ओळीत आले की नाही ते एक डोळा मिटून बघायचं आणि पोराला दुपट्यात आवळून आईच्या मांडीवर ठेवायचं. ते पोर वळकटीसारखं दिसे. वरच्या टोकाला तेवढं तोंड असे आणि ते बहुधा रडत असे.

बेळगावच्या शहापुरात विणकरांच्या गल्लीत ज्याने म्हणून जन्म घेतला, त्याची आक्काच्या हातची आंघोळ चुकली नाही. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी, टाळू भरणारी, धुरी देणारी आणि कुणी न विचारता सल्ला देणारी अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल. तुम्ही तिला सहन केलं असेल तर मला काय म्हणायचं आहे ते तुम्हाला लवकर कळेल. पण आमच्या आक्काचं एक जास्तीचं होतं. तिला वाकडं म्हणून काही खपत नसे.

कुणाच्याही घरात शिरली की तिची नजर आधी उतरंडीवर जाई. एखादं मडकं जरा कललेलं दिसलं तर पोर टाहो फोडत का असेना, ती आधी मडकं सरळ करी. दोरीवरची लुगडी काठाला काठ जुळवून वाळत घालायला लावी. तिचा नवरा हातमागावर लुगडी विणायचा. काठ रेघभर तिरका गेला तर पेठेतला व्यापारी लुगडं परत टाकी. नवरा वारून कितीतरी वर्षं झाली तरी ती नजर तिच्या डोळ्यांत राहिली असावी, अशी मी माझी समजूत घालत असे. त्याशिवाय तिला सोसणं अवघड होतं.

मी मूळची निपाणीची. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी शहापुरातल्या बायकांच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले. पहिल्याच दिवशी आक्का दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली, माझ्या डोक्यावरचा रुमाल तिने दोन बोटांनी नीट केला आणि विचारलं, "लगीन झालंय?"

"नाही."

"मग पोरांचं तुला काय कळतंय?"

हा प्रश्न तिने मला पुढे किती वेळा विचारला असेल, त्याला गणती नाही. नाळेला शेण लावू नका म्हणून सांगितलं की हा प्रश्न. पोराच्या नाकात तेल घालू नका म्हटलं की हाच प्रश्न. एकदा वैतागून मी म्हणाले, "आक्का, आमच्या डॉक्टरीणबाईंचंही लग्न झालेलं नाही." तर ती म्हणाली, "म्हणूनच त्येंच्याकडं जायाचं न्हाय." 

तिची आंघोळ मात्र बघण्यासारखी असे, हे मला कबूल केलं पाहिजे. पाटावर बसून ती दोन्ही पाय पुढे पसरी, नडग्यांवर बाळाला पालथं घाली आणि तांब्याने अशी धार सोडी की पाण्याचा थेंब कानात जात नसे. दांडगी बोटं होती, पण पाठीवर अशी फिरत की चिडकं पोरसुद्धा डोळे मिटून घेई. तिथेच ती थांबली असती तर आमचं भांडण झालंच नसतं. पण आंघोळ झाली की पाय ओढणं आलं. कधी कधी ती घोट्यांना धरून पोराला उलटं टांगी आणि दोन झोके देई. का, तर पाय फेंगडे होऊ नयेत म्हणून.

"हाड मेणाचं हाय आत्ता," ती म्हणे. "आत्ताच सरळ कराय पायजे. एकदा घट झालं की झालंच."

आता तिच्या घरचं सांगते. आक्काला एकच लेक. तारा. मी शहापुरात आले तेव्हा ती तिशीला टेकलेली होती आणि घरीच होती. मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्यांवर दिवसभर सूत भरायची. डाव्या पायाने लंगडायची. चालताना सगळं अंग त्या बाजूला झुकायचं आणि पुन्हा उभं व्हायचं. तिला बघायला पाहुणे आले की आक्का त्यांच्या आधीच तिला सतरंजीवर नेऊन बसवी, म्हणजे चाल दिसायला नको. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी जाणती बाई म्हणे, "पोरीच्या हातचं वाईच पाणी मिळंल का?" ताराला उठावं लागे. पाणी पिऊन पाहुणे उठत ते पुन्हा फिरकत नसत. असं इतक्यांदा झालं की शेवटी ताराच म्हणाली, "आये, आता बोलवू नगंस कुणाला."

ताराचा पाय असा का झाला, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून काशी राहायची. तारा आठ-नऊ महिन्यांची असताना आक्का तिला काशीपाशी ठेवून आंघोळी घालायला जायची. पुढे तारा चालायला लागली ती लंगडतच. आक्काने हिशेब जुळवला. काशीने पोर हातातून पाडलं आणि सांगितलं नाही. काशीने देवाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, तरी उपयोग झाला नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. काशीची कोंबडी आक्काच्या अंगणात आली तर आक्का त्या कोंबडीला सांगे, "जा बाई, तुझ्या मालकिणीला सांग, पोरं सांभाळाय येत न्हाईत, निदान कोंबड्या तरी सांभाळ." पलीकडून काशी आपल्या चुलीला काहीतरी ऐकवी. गल्लीला याची इतकी सवय झाली होती की कुणी हसायलाही थांबत नसे.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. बोलायला मऊ, कामाला चिवट. दर महिन्याला त्यांची कसलीतरी डॉक्टरी मासिकं येत आणि त्या ती रात्रंदिवस वाचत. एक दिवस त्यांनी मला टेबलाशी बोलावून एक चित्र दाखवलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. काही बाळांची, त्यातही मुलींची, वाटी जन्मतःच उथळ असते. गोळा वाटीतून सरकतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. कळतं ते मूल चालायला लागल्यावर, आणि तोवर उशीर होतो.

"पण आधी शोधलं तर सोपं आहे," त्या म्हणाल्या. बाळाचे गुडघे दुमडायचे आणि मांड्या दोन्ही बाजूंना उघडायच्या. एक बाजू अर्ध्यावर अडली तर शंका घ्यायची. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का बघायचं. पावलं टेकवून गुडघे उभे केले तर एक गुडघा खाली दिसतो का बघायचं. आणि सापडलंच, तर दोन्ही मांड्यांच्या मध्ये जाड उशी बांधून पाय काही महिने फाकलेले ठेवायचे. गोळा हळूहळू वाटीत बसतो आणि वाटीही खोल होते. "आणि पाय जुळवून आवळून बांधणं," त्या म्हणाल्या, "हे अशा बाळाला सगळ्यात वाईट."

ते शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे आक्का उभी राहिली.

मी घरोघरी जाऊन पोरांच्या मांड्या उघडून बघू लागले. आक्का माझ्या मागून त्याच घरात जाई आणि सांगे, "नर्स येती, पोरींचे पाय फाकवून बघती. कसलं शिक्षान म्हणायचं ह्ये!" दोन-तीन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं.

आणि मग चंपा सापडली. यशोदाची पहिली मुलगी, तीन महिन्यांची. यशोदाला सासू नव्हती आणि आई परगावी होती. तिच्या घरी आक्काच सासू, आक्काच आई. चंपाचा उजवा पाय पार पाटाला टेकेपर्यंत उघडला, डावा मध्येच अडला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बघून खात्री केली आणि यशोदाला समोर बसवून सगळं सांगितलं. आत्ता उशी बांधली तर पोर सरळ चालेल. नाही बांधली तर जन्मभर लंगडेल. यशोदा एवढंच म्हणाली, "ताराक्कासारखी?"

चंपाचा बाप शहाणा निघाला. त्याने मागावरून उठून जाड मांजरपाट कापडाची पाचरीसारखी उशी शिवली, तीत सुताचे तुकडे ठासून भरले आणि खांद्यावरून घ्यायला पट्ट्या लावल्या. चंपा त्या उशीवर दोन्हीकडे पाय टाकून मजेत पडली. मला वाटलं, झालं काम.

आक्काने चंपाला त्या अवस्थेत पाहिलं आणि ती दारातूनच ओरडली.

"पोरीचा बेडूक केलाय की गं!"

डॉक्टरीणबाई स्वतः तिला समजवायला गेल्या. "आक्का, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. हाड मेणाचं असतं. म्हणून तर उशी आत्ताच बांधायची."

"मग मी काय येगळं करतो? मी सरळ करतो, तुम्ही वाकडं करताय."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण पुढचं मला दिसत होतं. यशोदाला तंबी दिली की उशी काढायची ती फक्त पुसून घ्यायला आणि तेव्हाही पाय जुळवायचे नाहीत. ती मान डोलवायची. पण दर खेपेला दवाखान्यात चंपाचा पाय बघावा तर तसाच अडलेला. तसूभर फरक नाही. उशी मात्र स्वच्छ, कोरी, जणू काल शिवलेली.

शेवटी एका सकाळी मी न सांगता यशोदाच्या घरी गेले. न्हाणीत आक्का चंपाला न्हाऊ घालून उठत होती. माझ्यादेखत तिने पाय ओढले, टाचा जुळवल्या, दुपटं आवळलं आणि चंपाला पाळण्यात ठेवून ती उशी तिच्या डोक्याखाली सारली.

"डोक्याखाली?" मी ओरडले. "आक्का, ती उशी पायांत बांधायची आहे!"

"उशी डोक्याखालीच घालत्यात," आक्का शांतपणे म्हणाली. "शिकलेल्या बाईला एवढंबी कळंना व्हय?"

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. यशोदा कोपऱ्यात उभी राहून रडत होती. आक्काला नको म्हणायची तिची छाती नव्हती. तिचं स्वतःचं बाळंतपण आक्कानेच निभावलं होतं. मी तिच्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगत बसले. वळ्या कशा बघायच्या, गुडघा कसा खाली दिसतो. तेवढ्यात आक्काला बोलवायला तारा आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

"नर्सबाई, ते गुडघ्याचं पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तारा भिंतीशी खाली बसली, दोन्ही पावलं जुळवून टेकवली आणि लुगडं सावरून गुडघे उभे केले. डावा गुडघा उजव्यापेक्षा चांगला खाली होता.

"माझंबी तसंच हाय की," तारा म्हणाली.

"तुला काशीनं पाडलीया," आक्का म्हणाली. "चल घरला."

दुपारी तारा एकटीच दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि सांगितलं की हे पडून झालेलं दिसत नाही, बहुधा जन्मापासूनचं आहे. तारा घरी गेली आणि तिने आईला सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी आक्का पायऱ्यांवर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "माझ्या पोटची पोर जल्मापासनं लंगडी म्हणताय? कुणी पायलंय तुमच्यात तिला जल्मताना? मी पायलंय!"

मला तिचा इतका संताप आला होता की मी खिडकीच लावून घेतली. गोष्ट एका उशीची होती हो. एका पोरीचा जन्म त्या उशीवर अडला होता आणि ही बाई ती तिच्या डोक्याखाली घालत होती!

पुढचं मला यशोदाने सांगितलं. काही दिवसांनी आक्का नेहमीसारखी आली. त्या दिवशी ती आधी दुसऱ्या घरच्या एका मुलाला न्हाऊ घालून आली होती. तिने चंपाला नडग्यांवर उताणं घेतलं, पण पाय ओढले नाहीत. गुडघे दुमडले आणि मांड्या उघडल्या. उजवी उघडली. डावी अडली. तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाली, "त्या पोराचे दोन्ही उघडत्यात." परत बघितलं. घंगाळातलं पाणी निवलं तरी ती तशीच बसून होती. नंतर एकदम म्हणाली, "लंगोट."

यशोदाला काही उमगलं नाही. मला आक्कानेच सांगितलं, त्याच दिवशी, दवाखान्याच्या मागच्या दारी, कुणी नाही असं बघून.

"तारा सव्वा म्हयन्याचीबी नव्हती. लंगोट बांधाय गेलं की डावी मांडी उघडायचीच न्हाय. मला वाटायचं, हट्टी हाय कार्टी. मी वडून बांधायचो. तवा मी उंबरा वलांडला नव्हता. काशीनं तिला हातातबी घेतली नव्हती."

मला वाटलं, आता ही जरा माणसात येईल. पण आक्का ती आक्का.

"चल," ती माझा हात धरून म्हणाली. "काशीला तू सांग."

"मी का? तीस वर्षं कोंबड्यांशी तुम्ही बोललात, आता तुम्हीच सांगा."

"मला न्हाय जमायचं. तू नर्स हाईस. तुझं ती ऐकंल."

ओढत घेऊन गेली. काशी आपल्या कट्ट्यावर सुताची गुंतलेली गुंडी सोडवत बसली होती. म्हातारी झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. आक्का तिच्यासमोर उभी राहिली आणि माफी मागायची सोडून, न्यायाधीशाने निकाल द्यावा तशी म्हणाली, "काशे, ताराला तू पाडली न्हाईस."

काशीने हातातलं सूत खाली ठेवलं. आक्का कोंबडीशी नाही, आपल्याशी बोलते आहे हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

"न्हाय पाडली?"

"न्हाय. तिचा पाय जल्मापासनंच तसा. ह्या नर्सला इचार."

मी होय म्हणाले. काशी माझ्याकडे नाही, आक्काकडेच बघत राहिली.

"खरं म्हणतीस? मला आता काय आठवत न्हाय गं," ती म्हणाली. "तू रोज म्हणायचीस. मग मला दिसायबी लागलं. हातातनं सुटताना, दगडावर पडताना. मला वाटलं, पाडलीच आसंल मी, आन इसरलो आसंल."

आक्का तिच्याजवळ कट्ट्यावर बसली. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. थोड्या वेळाने काशीने गुंडीचं एक टोक आक्काच्या हातात दिलं आणि दोघी मिळून ती सोडवायला लागल्या. मी तिथून निघाले. त्या क्षणी मला आक्काचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता आणि तिची जितकी दया आली, तितकीही कधी आली नव्हती.

चंपाची उशी त्या दिवसापासून जागेवर राहिली. राहिली म्हणजे काय, आक्का तिची पहारेकरीण झाली. चंपाच्या बापाने एकदा उकडतंय म्हणून पट्ट्या सैल केल्या तर तिने त्याला मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून वर काढून झापलं. यशोदाची आई हळदी-कुंकवाला आली आणि "पोर असं काय ठेवलंय" म्हणाली, तर आक्काने तिला कुंकू लागायच्या आधीच परत पाठवलं. दर आठवड्याला ती स्वतः चंपाला कडेवर घेऊन दवाखान्यात आणायची, दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन्हीकडे टाकून, आणि रस्त्याने भेटेल त्याला सांगायची, "असंच घ्याय पायजे पोराला. बांधून न्हाय ठेवायचं." जणू हे तिनेच शोधून काढलं होतं.

इथवर ठीक होतं. पण मग ती गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्या पोराच्या मांड्या उघडू लागली आणि जरा कुठे संशय आला की पाठव दवाखान्यात. आमच्या पायऱ्यांवर सकाळपासून धडधाकट पोरांची रांग लागे. "आक्कानं पाठवलंय," आया सांगत. मी एकेकाला बघून परत पाठवी आणि दुसऱ्या दिवशी आक्का येऊन विचारी, "नीट बघितलंस का? तुझं हात हलकं हाईत." शेजारच्या वडगावात कुणाकडे बारशाला गेली तर पाळण्यात घालायच्या आधी तिने बाळाचा लंगोट सोडला आणि आत्याबाई नाव ठेवायच्या थांबल्या. त्या घरातून आम्हाला निरोप आला की तुमच्या बाईला आवरा. आमची बाई! मी डॉक्टरीणबाईंपाशी कपाळावर हात मारून घेतला. त्या म्हणाल्या, "अगं, दहा मासिकांनी झालं नसतं ते हिने केलं." त्यांना म्हणायला काय जात होतं. रांग मला आवरावी लागत होती.

चंपाचा पाय उघडू लागला. आधी थोडा, मग बराच. पुढे उशी फक्त रात्रीची उरली आणि मग तीही गेली. डॉक्टरीणबाई तपासताना आक्का टेबलाला खेटून उभी असे आणि त्या "छान" म्हणाल्या की माझ्याकडे असं बघे, की मीच आजवर आडवी आले होते.

चंपा चालली ती यशोदाच्या अंगणात, सगळी गल्ली जमलेली असताना. मागांचा खडखडाट थांबवून माणसं बाहेर आली होती. ती आईचं बोट सोडून चार पावलं गेली, धपकन बसली, उठली आणि पुन्हा चालली. पाय एकसारखे पडत होते. अंग कुठेही झुकत नव्हतं. यशोदाने आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. बायका म्हणाल्या, आक्कानं पोरगी उभी केली. मला वाटलं, आता हिचं भाषण सुरू होणार आणि ते आपल्याला वर्षभर ऐकावं लागणार. पण आक्काचं लक्षच नव्हतं. ती भिंतीशी उभ्या असलेल्या ताराकडे बघत होती.

त्यानंतर काही दिवस तिचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी ती दवाखाना उघडायच्या वेळी आली. काखेत चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी होतं. तिने चादर सोडली. आत उशी होती. चंपाच्या उशीसारखीच पाचर, तशाच पट्ट्या, तसेच सुताचे तुकडे ठासलेले. फक्त एवढी मोठी की तपासायच्या टेबलावरून दोन्हीकडे बाहेर येत होती.

"आजपासनं ताराला बांधतो," ती म्हणाली. "दीसभर तिला काम असतंय. रातीची बांधतो. लागू देत की दोन वर्सं, मी राखतो."

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यामुळे ते मलाच सांगावं लागलं. मूल चालायला लागायच्या आधी बांधलं तर उपयोग असतो. ताराच्या हाडाने आता दुसरीकडेच जागा केली आहे. उशीने ते परत येणार नाही.

"मुंबैला नेली तर?"

"मुंबईला नेली तरी नाही, आक्का."

तिने उशीवरची एक सुरकुती हाताने सपाट केली. "मग कवा बांधाय पायजे व्हतं?"

तिला उत्तर ठाऊक होतं. तरी ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, म्हणून मी सांगितलं, "सव्वा महिन्याची होती तेव्हा."

"तवा तर मी रोज बांधत व्हतो तिला," आक्का म्हणाली. "दोन्ही पाय जुळवून."

मी म्हणाले की तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. हे खरं होतं. ती ऐकून घेत होती. नेहमीसारखी वाद घालत नव्हती, आणि मला तर तिने वाद घालावा असं फार वाटत होतं. तिने उशी पुन्हा चादरीत गुंडाळली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी दिवेलागणीला मी तिच्या घरी गेले. दार उघडं होतं. तारा अंथरुणावर उताणी पडली होती आणि आक्का तिच्या पायांशी बसून त्या उशीच्या पट्ट्या बांधत होती. माझा पारा चढला. सकाळी इतकं समजावून सांगितलं आणि या बाईचं आपलं तेच! मी तोंड उघडणार एवढ्यात ताराने मला हाताने खूण करून थांबवलं. आक्का पाणी आणायला आत गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नर्सबाई. मला ठावं हाय, काय व्हायचं न्हाय त्यानं. मला काय, नुसतं पडायचं तर हाय."

स्वराज्य आलं त्याच्या आदल्या थंडीत आक्का वारली. तोवर तारा रोज रात्री ती उशी बांधून झोपत होती.